खापरांवरून रोमची सत्ता मोजताय? या चुका टाळा

रोममध्ये टायबर नदीजवळ मोन्ते तेस्ताच्चो ही सुमारे 35 मीटर उंचीची टेकडी आहे. अख्खी टेकडी फुटक्या अँफोरांची, म्हणजे तेल-वाइन वाहून नेणाऱ्या दोन कानांच्या मातीच्या भांड्यांची. भूमध्य जगाच्या अर्थकारणावर लिहिणारा प्रत्येक जण इथे येतो आणि बहुतेक जण इथेच घसरतात.

पहिली चूक म्हणजे टेकडीला रोमचं वाणसामान समजणं. यातली बहुतेक भांडी दक्षिण स्पेनमधून आलेल्या ऑलिव्ह तेलाची आहेत. रिकामं भांडं साधारण 30 किलोचं, आत तेल 70 किलो. तेल मातीत मुरून खवट व्हायचं, त्यामुळे भांडं पुन्हा कामी येत नसे. फोडायचं, रचायचं आणि वास मारू नये म्हणून वर चुना टाकायचा. धान्याची तर खापरं उरतच नाहीत. म्हणजे ही टेकडी सांगते ती तेलाची गोष्ट, तीही दिव्यात आणि हमामखान्यात गेलेल्या तेलासकट.

दुसरी चूक जास्त महाग पडते: भांड्याच्या कानावरचा (धरायच्या मुठीवरचा) शिक्का वाचून भांड्यावर शाईनं लिहिलेल्या नोंदींकडे दुर्लक्ष करणं. शिक्का भांडं घडतानाचा. शाईतल्या नोंदी माल भरल्यानंतरच्या: रिकामं वजन, तेलाचं वजन, व्यापाऱ्याचं नाव, तपासणीची नोंद. सम्राट सेप्टिमिअस सेव्हरसच्या काळात (इ.स. 193–211) व्यापाऱ्याच्या जागी चक्क सम्राटांची नावं येतात. सत्ता दिसते ती इथे, एका ओळीत. पण त्यावरून सगळा व्यापार सरकारजमा झाला असं लगेच लिहू नका. नाव बदललं म्हणून जहाज हाकणारा बदलतोच असं नाही.

अँफोरा कमी झाले म्हणजे व्यापार बसला, हेही नको. वाइन लाकडी पिंपांतून जाऊ लागली, आणि लाकूड कुजतं.

आपल्याकडचा घोटाळा वेगळाच. पश्चिम भारतात 'रोमन अँफोरा' म्हणून नोंदलेली कित्येक खापरं पुढे मेसोपोटेमियाकडच्या टॉरपीडो जारची, म्हणजे लांबट, निमुळत्या बुडाच्या मातीच्या भांड्यांची निघाली. आतला काळा थर बघून फसू नका: रोमन वाइनच्या भांड्यांतही राळेचा काळपट थर असतो, टॉरपीडो जारमध्ये डांबराचा. टॉरपीडो जारला कान नसतात. खांद्याचा तुकडा हाती असेल तर आधी कानाची खूण शोधा, मगच वहीत 'रोमन' लिहा.