विज्ञानकथा मालिकेच्या भागात उपकथानक कसं गुंफावं

मी मालिकांसाठी लिहिते. उपकथानक म्हणजे वेळ भरायला घातलेली भर, असं म्हणणारे मला वरचेवर भेटतात. मला ते अजिबात पटत नाही. विज्ञानकथेत मुख्य कथा ग्रहांच्या आणि साम्राज्यांच्या मापाची असते. त्या जगात माणसं खातात काय, विकतात काय, कशावरून हुज्जत घालतात, हे कळतं ते उपकथानकातूनच.

अभ्यासाला ‘स्टार ट्रेक : डीप स्पेस नाइन’ या मालिकेचा ‘प्रोग्रेस’ (१९९३) हा भाग घ्या. बजोर ग्रहाच्या एका चंद्राच्या गाभ्यातून ऊर्जा काढायची आहे. त्यामुळे तिथली हवा श्वास घेण्याजोगी राहणार नाही, म्हणून सगळ्यांना उठवलंय. मुलिबोक नावाचा म्हातारा शेतकरी मात्र हटत नाही. त्याला न्यायला आलेली अंतराळस्थानकावरची अधिकारी मेजर किरा त्याच्या अर्धवट भट्टीचं बांधकाम पुरं करायला हात लावते. इकडे अंतराळस्थानकावर जेक आणि नोग ही दोन पोरं तिथला बारमालक क्वार्क याच्याकडे पडून राहिलेला यामोक नावाचा सॉस देऊन सेल्फ-सीलिंग स्टेम बोल्ट घेतात, बोल्ट देऊन जमीन घेतात. बोल्ट कशाला लागतात हे त्यांना ठाऊकसुद्धा नसतं!

आता मुख्य कथेचा प्रश्न एका ओळीत लिहा, यान-यंत्रं वगळून. इथे तो असा : सगळ्यांच्या भल्यासाठी एकाला त्याच्या जमिनीवरून उठवावं का? त्यातली एक वस्तू उचला आणि तिची किंमत अगदी वेगळी लावणाऱ्यांच्या हातात द्या. म्हाताऱ्याचा जीव जमिनीत अडकलेला, पोरांसाठी जमीन म्हणजे पुढच्या सौद्याचा माल. हा संबंध कुठल्याही पात्राच्या तोंडी घालू नका. प्रेक्षकाला तो आपसूक लागतो, आणि म्हणूनच खोल जातो.

मुख्य कथेतून उपकथानकाकडे कट कुठे मारायचा? मुख्य पात्राला मनाशी झगडायला वेळ हवा असेल तिथे. आपण पोरांच्या सौद्यात रमलेलो असताना किराचा मुक्काम लांबतो, आणि ‘मध्ये बराच वेळ गेला’ हे सांगावं लागत नाही. उपकथानक आधी मिटवा. पोरांना नफा होतो, मग किरा ती भट्टी फोडते, घर पेटवते, आणि भाग तिथेच संपतो. त्यानंतर सॉसचा विनोद आला असता तर सगळं वाया गेलं असतं.

‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’च्या ‘द इनर लाइट’ (१९९२) या भागात यानावरचे प्रसंग मोजकेच आहेत, पण यानाचा कप्तान पिकार्ड बेशुद्धीत जगतो ते अख्खं दुसरं आयुष्य पंचवीस मिनिटांत उरकलं हे त्यांच्यामुळेच अंगावर येतं. ‘डीप स्पेस नाइन’च्याच ‘द व्हिजिटर’मध्ये (१९९५) तर उपकथानक नाहीच. मुलगा अपघातात हरवलेल्या बापाला परत आणायला आयुष्य घालवतो, त्यातून नजर हलवायची सवड प्रेक्षकाला देऊन चालणार नव्हतं. तुमची मुख्य कथा अशी घट्ट असेल, तर दुसरा धागा घेऊच नका.