बेससाठी अ‍ॅम्प आणि पेडल निवडताना

अ‍ॅम्प (बेस गिटारचा आवाज मोठा करणारा अ‍ॅम्प्लिफायर) घ्यायला दुकानात जाण्याआधी एक गोष्ट कागदावर लिहून काढा: पुढचं वर्षभर तुम्ही बेस कुठे कुठे वाजवणार आहात? मुंबईत बहुतेकांचं उत्तर सारखंच येतं. रोजचा रियाज घरी, तोही ऑफिसातून येऊन जेवणं उरकल्यावर. अधूनमधून अंधेरी-वांद्र्याकडच्या एखाद्या जॅमपॅडमध्ये बँडबरोबर, जिथे तासाच्या भाड्यात ड्रमसेट आणि बेस अ‍ॅम्प सहसा मिळतोच. आणि कार्यक्रम असला, मग तो कॅफेत असो की नाट्यगृहातला वाद्यवृंद, साउंडवाला बहुधा तुमची लाइन थेट मिक्सरमध्ये घेतो. म्हणजे तुमच्या मालकीचा अ‍ॅम्प मुख्यतः घरातच वाजणार. म्हणून माझं ठाम मत आहे की सुरुवातीला मोठ्या अ‍ॅम्पवर पैसे घालू नयेत. घरासाठी छोटा अ‍ॅम्प घ्यावा आणि वाचलेल्या पैशांतून डीआय (थेट मिक्सरला जोडायची सोय) असलेलं एक चांगलं प्रीअ‍ॅम्प पेडल घ्यावं. आवाजाला वळण देणारी, पायाने चालू-बंद करायची ही छोटी डबी पिशवीत टाकून लोकलनेही नेता येते.

छोटा म्हणजे १५ ते ४० वॅटचा कॉम्बो, ज्यात स्पीकर आतच असतो. त्याला हेडफोन लावायची सोय हवीच, आणि मोबाइलवरचं गाणं जोडायला ऑक्स जॅक. पण तो बेसचाच अ‍ॅम्प हवा. घरात भावाचा गिटार अ‍ॅम्प पडून आहे म्हणून त्यावर भागवू नका. गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झला वाजते, बेसची ४१ला आणि पाच तारांच्या बेसची खालची बी तर ३१ला. एवढ्या खालच्या सुरासाठी स्पीकरच्या कागदाला बरंच जास्त मागे-पुढे व्हावं लागतं. गिटारचा स्पीकर त्यासाठी बनवलेला नसतो. हळू आवाजात चालून जाईल, जोरात वाजवलात तर तो फाटू शकतो.

स्वतःची जागा आहे, ड्रमर आहे आणि अ‍ॅम्प तुम्हीच आणायचा आहे, असं असेल तर हिशेब वेगळा. तिथे २०० ते ३०० वॅटच्या खाली उतरू नका. आकडा मोठा वाटेल, पण वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो आणि आपल्या कानाला खालचे सूर मुळातच कमी ऐकू येतात. १९६९मध्ये आलेला अँपेग कंपनीचा एसव्हीटी ३०० वॅटचा, व्हॉल्व्हवर चालणारा. त्याचं नुसतं हेड (स्पीकरशिवायचा भाग) उचलायला दोन माणसं लागतात. आज क्लास-डी तंत्रामुळे तेवढ्याच वॅटचं हेड दोन-तीन किलोंत मिळतं. तिसऱ्या मजल्यावर लिफ्टशिवाय राहणाऱ्याने तेच घ्यावं.

वेगळं हेड आणि कॅबिनेट (स्पीकरची पेटी) घेतलंत तर ओहम, म्हणजे स्पीकरचा विद्युतरोध, नक्की बघा. ८ ओहमची दोन कॅबिनेटं नेहमीसारखी समांतर जोडली की ४ ओहम होतात. हेडच्या मागे ‘किमान ४ ओहम’ लिहिलं असेल तर तिसरं जोडायचं नाही. मधली केबल स्पीकरचीच हवी. बेसची केबल तिथे तापते.

आता दुकान. धोबी तलावला फुर्ताडोस आहे, इतरत्रही दुकानं आहेत. कुठेही जा, पण स्वतःचा बेस घेऊन जा. दुकानातल्या महागड्या बेसवर कुठलाही अ‍ॅम्प गोड लागतो. विक्रेता बहुधा ड्राइव्ह (आवाज खरखरीत करणारा इफेक्ट) लावून स्लॅप (अंगठ्याने तार ठोकून) वाजवून दाखवेल. तो थांबला की सगळी बटणं मधोमध आणा, इफेक्ट बंद करा आणि जाड ई तार मोकळी सोडून सावकाश वाजवा. व्हॉल्यूम थोडा थोडा वाढवत न्या. कुठल्या टप्प्यावर स्पीकरची पेटी खडखडते, कुठे सुराऐवजी नुसता ‘भद्‌’ असा धक्का येतो, हे ऐका. मग त्याच तारेवर तिसऱ्या पट्टीपासून (फ्रेटपासून) एकेक पट्टी वर जा. एखादाच सूर अंगावर आला आणि शेजारचा गायब झाला, तर आधी अ‍ॅम्पची जागा बदलून पुन्हा ऐका, कारण तो दोष खोलीचाही असू शकतो. ४१ हर्ट्झची एक लहर आठ मीटरहून लांब असते. आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत ती मावत नाही आणि कोपऱ्यात नुसती घुमते. म्हणून घरीही अ‍ॅम्प कोपऱ्यात ठेवू नका. खाली जाड फोम घाला किंवा तो स्टुलावर ठेवा, म्हणजे खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या छताला हादरे कमी बसतील.

पेडलमध्ये पहिला मान ट्यूनरचा. त्यानंतर प्रीअ‍ॅम्प-डीआय. टेक २१चं सॅन्सअ‍ॅम्प आणि एमएक्सआरचं एम८० ही या जातीची जुनी, भरवशाची नावं. स्टेजवरचा अ‍ॅम्प कसाही असो, मिक्सरकडे तुमचाच आवाज जातो. मग कॉम्प्रेसर, ज्याने जोरात आणि हळू वाजलेले सूर एका पातळीला येतात. ड्राइव्ह घेताना ब्लेंडचं बटण आहे का ते पाहा. मूळ स्वच्छ आवाज त्यात मिसळता आला नाही, तर ड्राइव्ह लावताच खालचा भाग नाहीसा होतो आणि बँडमध्ये बेस ऐकूच येत नाही. कोरस, ऑक्टेव्ह, एन्व्हलप फिल्टर हे बाकीचे इफेक्ट गाण्यांनी मागितले की घ्या. जोडण्याचा क्रम साधारण असा: ट्यूनर, ऑक्टेव्ह किंवा फिल्टर, कॉम्प्रेसर, ड्राइव्ह, कोरस आणि शेवटी डीआय.

बहुतेक पेडलांना ९ व्होल्ट डीसी लागतो, मधली पिन निगेटिव्ह. तरी प्रत्येकावरची खूण तपासा, कारण उलटा अडॅप्टर पेडल जाळू शकतो. सगळ्यांचे मिलीअँपिअर बेरीज करून त्याहून मोठाच सप्लाय घ्या. एकाच वायरीवर चार-पाच डिजिटल पेडलं लटकवली की किणकिण सुरू होते. प्रत्येक पेडलला वेगळी वीज देणाऱ्या आयसोलेटेड सप्लायने ती जाते.

जुन्या इमारतीत घूंऽऽ असा आवाज येत असेल आणि तारांना हात लावताच तो कमी होत असेल, तर प्लगचं अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. तिसरी पिन काढून टाकून आवाज घालवायचा प्रयत्न कधीही करू नका. अ‍ॅम्पमध्ये बिघाड झाला तर करंट थेट तारांतून तुमच्या हातात येतो. परदेशातून कुणी जुना अ‍ॅम्प आणून देत असेल तर तो २३० व्होल्टवर चालतो का, ते आधी विचारा. आणि पावसाळ्यात पेडलं बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा. जॅकमध्ये खरखर येऊ लागली की कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारून प्लग चार-पाच वेळा आतबाहेर करा.