रूट करताय? फोनची वीट व्हायच्या आधी या चुका टाळा

रूट करताना (म्हणजे फोनच्या सिस्टीमचा पूर्ण ताबा घेताना) फोन मेला, चालूच होईना, त्याची वीट झाली म्हणून कुणी आलं की मी पहिलं एकच विचारतो, बूट इमेज (फोन सुरू होताना लागणारी सिस्टीमची फाइल) कुठनं घेतलीस? बहुतेक वेळा उत्तर ठरलेलं, मित्राने टेलिग्रामवर पाठवली, त्याचं पण सेम मॉडेल आहे. अरे मॉडेल सेम असून भागत नाही, बिल्ड नंबर सेम लागतो! तुमच्या सेटिंगमध्ये जो बिल्ड नंबर दिसतो त्याच फर्मवेअरमधून (कंपनीच्या सिस्टीम सॉफ्टवेअरमधून) इमेज काढा, मॅजिस्क या रूट करायच्या ॲपमध्ये स्वतः पॅच करा आणि मग फोन लॅपटॉपला जोडून फास्टबूट मोडमधून फ्लॅश करा, म्हणजे फोनमध्ये टाका. त्यात अजून एक गोची आहे, अँड्रॉइड 13 घेऊनच बाजारात आलेल्या फोनांमध्ये पॅच बहुतेक करून बूट इमेजला नाही, इनिट बूट नावाच्या वेगळ्या इमेजला करायचा असतो, म्हणजे पिक्सेल 6 ला बूट पण पिक्सेल 7 ला इनिट बूट, आणि जुना व्हिडिओ बघून बसलेला माणूस रात्रभर केबल बदलत राहतो. ओरिजिनल इमेज लॅपटॉपवर ठेवाच, बूटलूप लागला (फोन सारखा रीस्टार्ट होत राहिला) तर तीच परत फ्लॅश करायची.

रूटसाठी आधी बूटलोडर (फोन चालू होताना सिस्टीम सुरू करणारा प्रोग्रॅम) अनलॉक करावा लागतो, आणि तो केला की फोन पूर्ण पुसला जातो. हा बग नाही, चोराने अनलॉक करून तुमचे फोटो बघू नयेत म्हणून मुद्दाम तसं केलंय. फोटोंचा बॅकअप सगळे घेतात, ऑथेंटिकेटर ॲपमधले लॉगिनचे कोड विसरतात (मी पण विसरलेलो, ऑफिसच्या मेलमध्ये शिरायला चार दिवस गेले).

सॅमसंगवाल्यांनो, नॉक्सचा (सॅमसंगच्या सुरक्षा यंत्रणेचा) फ्यूज रूट करताना एकदा उडाला की उडाला, नंतर स्टॉक, म्हणजे कंपनीचं मूळ फर्मवेअर, टाकलं तरी सिक्युअर फोल्डर परत येत नाही.

मॅजिस्कचं नवीन मॉड्यूल (ॲड-ऑन) टाकल्यावर फोन लोगोवरच अडकला तर लगेच सगळं फॉरमॅट मारू नका, आधी सेफ मोडमध्ये चालू करून बघा, मॅजिस्क तिथे मॉड्यूल आपोआप बंद करतं. एका वेळी एकच मॉड्यूल टाका म्हणजे गुन्हेगार कोण ते तरी कळतं.

आणि सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे रूट केलेल्या फोनवर बँकेचं ॲप चालेना म्हणून वैतागून रूट असतानाच बूटलोडर परत लॉक करणं. लॉक असलेला बूटलोडर कंपनीची सही असलेलीच इमेज चालू देतो, तुमची पॅच केलेली दिसली की बूटच होत नाही, झाली वीट, आणि या विटेवर विठ्ठल काय उभा राहणार नाही. आधी पूर्ण स्टॉक फर्मवेअर टाका, फोन नीट चालू होतोय बघा, तोवर सेटिंगमधल्या ओईएम अनलॉकिंगच्या (बूटलोडर अनलॉक करू देणाऱ्या) बटणाला हात लावू नका. मगच लॉक. आणि हो, लॉक करताना पण डेटा परत पुसला जातो.