खाणीच्या गावात सोलरचा ठराव कसा पास करून घ्यायचा

आमच्या भागात सोलरचा विषय काढायचा असेल तर कोळशाला शिव्या द्यायच्या नाहीत, हा पहिला नियम. मी भद्रावती तालुक्यातल्या एका गावची ग्रामपंचायत सदस्य. नवरा खाणीत डंपर चालवतो, आणि आमच्या घरचा किराणा त्या कोळशातूनच येतो. गावात आमच्यासारखी घरं पुष्कळ आहेत. अशा गावात उभं राहून "कोळसा वाईट, सूर्य चांगला" म्हटलं की मागून आवाज येतो, "काऊन बाई, खाण बंद पाडता का?" मग पुढचं कोणी ऐकत नाही.

दुसरं एक भाषण आमच्याकडे फार चालतं: कोळसा आमचा, राख आमची आणि वीज मुंबई-पुण्याला. खोटं नाही ते. चंद्रपूरचं महाऔष्णिक वीज केंद्र 2920 मेगावॉटचं, आणि त्याच जिल्ह्यात शेतकरी ओलीत करायला रात्री बॅटरी घेऊन वावरात जातो. पण या भाषणाला टाळ्या पडतात, सह्या पडत नाहीत. सह्या पडतात त्या बिल दाखवल्यावर.

बिलापासून सुरुवात

ग्रामसेवकाकडे जा आणि पाणीपुरवठ्याच्या मोटरचं व पथदिव्यांचं वर्षभराचं बिल मागा. सदस्य नसाल तर माहितीच्या अधिकारात मागा: 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. बिल हातात आलं की खालचा मोठा आकडा बघून हबकू नका, त्यात थकबाकी आणि व्याज मिसळलेलं असतं. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन हे वेगवेगळे लिहून काढा. स्थिर आकार सोलर लावला तरी जोडणी असेपर्यंत भरावाच लागतो. हे तुम्ही आधी सांगितलं नाही तर विरोधक सांगतो, आणि मग तुमचं बाकीचंही खोटं ठरतं.

मग फळ्यावर हिशोब मांडा. 5 एचपीची मोटर म्हणजे साधारण पावणेचार किलोवॉट. दिवसाला 6 तास चालली तर 22 युनिट, महिन्याला साडेसहाशेच्या वर. 1 किलोवॉटच्या पॅनलमधून दिवसाला सरासरी 4 युनिट निघतात, म्हणजे साडेपाच किलोवॉटचे पॅनल झाले की मोटरचं भागतं. त्याला सुमारे साडेपाचशे चौरस फूट जागा लागते. शाळेच्या स्लॅबवर आरामात बसतात. मी हा हिशोब खडूने, मोठ्या अक्षरात मांडते. पीपीटी दाखवली की लोकांना वाटतं कंपनीचा माणूस आला.

घरांवरच्या सोलरपासून सुरुवात करू नका असं माझं मत. पीएम सूर्यघर योजनेत 1 किलोवॉटला 30 हजार, 2 ला 60 हजार आणि 3 किंवा जास्तीला 78 हजार अनुदान मिळतं, ते चांगलंच आहे. पण आमच्याकडे अजून कवेलूची घरं आहेत, त्यांच्यावर पॅनल बसत नाही. पहिला सोलर स्लॅबवाल्यांच्या घरी लागला की तो त्यांचा होतो, गावाचा राहत नाही. पाण्याच्या टाकीचं पाणी मात्र सगळेच पितात.

पैसा कुठून

इथे खाणीच्या गावाला एक गोष्ट आहे जी बाकी गावांना नाही: जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी. खाण कायद्याच्या 2015 च्या दुरुस्तीने खाणवाल्यांना रॉयल्टीच्या वर आणखी रक्कम या निधीत भरावी लागते, जुन्या खाणपट्ट्यांना रॉयल्टीच्या 30 टक्के आणि लिलावातल्या पट्ट्यांना 10 टक्के. हा पैसा खाणबाधितांचाच. 2024 च्या सुधारित नियमांप्रमाणे खाणीपासून 15 किलोमीटरच्या आतलं गाव थेट बाधित धरलं जातं आणि 25 पर्यंतचं अप्रत्यक्ष बाधित. तुमचं गाव कोणत्या यादीत आहे ते जिल्हाधिकारी कार्यालयातल्या खनिकर्म शाखेत आधी बघून या.

आता खुबी ऐका. या निधीतला किमान 70 टक्के पैसा पिण्याचं पाणी, आरोग्य, शिक्षण, पर्यावरण अशा उच्च प्राधान्याच्या कामांना जातो. ऊर्जा हा विषय उरलेल्या लहान हिश्श्यात, रस्ते-पुलांच्या शेजारी बसवलाय, आणि त्या रांगेत रस्त्याचा ठेकेदार तुमच्या आधीच उभा असतो. म्हणून अर्जाच्या मथळ्यावर "सौर प्रकल्प" लिहू नका. "पिण्याच्या पाण्याच्या योजनेसाठी सौर पंप" लिहा. आरोग्य उपकेंद्राला बॅटरीसह सोलर हवा असेल तर तो आरोग्याखाली मागा. काम तेच, पण फाईल वेगळ्या टेबलावर जाते.

शेतीच्या विजेसाठी वाट निराळी. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0 मध्ये वीज उपकेंद्राजवळच्या जमिनीवर प्रकल्प उभा राहतो आणि त्या फीडरवरच्या, म्हणजे तिथून निघणाऱ्या शेतीच्या लाईनवरच्या मोटरींना दिवसा वीज मिळते. खाजगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडं, आणि ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत प्रकल्प होतो तिला वर्षाला 5 लाख याप्रमाणे 3 वर्षं. ताडोबाच्या बाजूच्या गावांत या योजनेसाठी भाषण लागत नाही. रात्रपाळीच्या विजेवर हरभऱ्याला पाणी द्यायला निघालेल्या माणसाची बायको वाघाच्या भीतीने पहाटेपर्यंत जागी असते. महिला सभेत हा विषय मी मांडला आणि पुढे मला बोलावंच लागलं नाही, बायकाच बोलत होत्या.

जमिनीचं मात्र जपून. 1 मेगावॉटला चार-पाच एकर लागतात, आणि पहिली नजर गायरानावर जाते. आधी गुराख्याला विचारा, मग तलाठ्याला. बकऱ्या जिथे चरतात ती जागा कागदावर पडीक दिसते. "ओबीच्या ढिगाऱ्यावर लावा ना" असं कोणी ना कोणी सुचवतंच. ओबी म्हणजे कोळशाच्या वरून काढून टाकलेली माती. कल्पना चांगली, पण ती माती वर्षानुवर्षं खाली बसत राहते आणि जागा खाणीच्या ताब्यात असते. त्या वादात तुमचा पहिला ठराव अडकवू नका.

लोक काय म्हणतील

सगळ्यात अवघड प्रश्न बंद पडलेल्या खांबाचा. प्रत्येक गावात एक तरी सोलरचा दिवा असतो ज्याची बॅटरी चोरीला गेली किंवा फुगली, आणि आता त्याला फक्त बैल बांधतात. लोकांसाठी सोलर म्हणजे तो खांब. तो लपवू नका, सभेआधी त्याच्याजवळ जाऊन उभे राहा आणि डबा उघडून दाखवा की बिघडली ती बॅटरी, पॅनल शाबूत आहे. पाण्याचा सौर पंप उन्हात चालतो आणि टाकी भरून ठेवतो, त्याला बॅटरी लागतच नाही. टाकी हीच बॅटरी.

दुसरं, ग्रिडला जोडलेला सोलर लाईन गेली की बंद होतो. लाईनमनला तारेत उलटा करंट लागू नये म्हणून तसा तो केलेलाच असतो. "लोडशेडिंगमधे पण चालेल" असं दुकानदार बिनधास्त सांगतात. तुम्ही सांगू नका.

तिसरं, "हे साताऱ्याकडे चालते." पाटण तालुक्यातली मान्याची वाडी 2024 मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम झाली, तिचं नाव आता सगळ्यांनी ऐकलंय. मी तिचं उदाहरण कमी देते. शंभरेक घरांची वाडी आणि आमचं चार वॉर्डांचं, दोन पार्ट्यांचं गाव यांची बरोबरी होत नाही.

ठराव

ग्रामसभा 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरला ठरलेल्या. आपला विषय नोटीस निघायच्या आधी ग्रामसेवकाला लेखी द्या आणि पोच घ्या. विषयपत्रिकेत नाव नसेल तर तुम्ही "अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय" यात जाता, तोपर्यंत अर्धी सभा चहाला उठलेली असते. गणपूर्ती मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतला कमी आकडा. तेवढी माणसं आणायची जबाबदारी तुमचीच समजा. आमच्याकडे बचत गटाच्या बायका आल्या की सभा भरते.

ठरावाचा मजकूर घरूनच लिहून न्या. सभेत लिहायला घेतला की शब्द गळतात. आमचा असा होता:

"विषय: पिण्याच्या पाणीपुरवठा योजनेस सौर पंप बसविणे. सदर योजनेचे वार्षिक वीज बिल सोबत जोडले आहे. गाव खाणबाधित क्षेत्रात असल्याने या कामाचा जिल्हा खनिज प्रतिष्ठानच्या आराखड्यात समावेश करावा. अंदाजपत्रकात 5 वर्षांची देखभाल-दुरुस्ती व पॅनल सफाईचा खर्च धरावा. काम पूर्ण झाल्याचा दाखला सलग 30 दिवस पंप चालल्यानंतरच द्यावा. सूचक... अनुमोदक... ठराव सर्वानुमते मंजूर."

30 दिवसांच्या दाखल्याच्या वाक्यावरून घासाघीस होते. ते काढू देऊ नका, ठेकेदाराला त्याचीच भीती असते. सूचक आणि अनुमोदक दोन वेगळ्या पार्ट्यांचे घ्या, म्हणजे सरपंच बदलला तरी ठराव अनाथ होत नाही. सूचक म्हणून मी स्वतः उभी राहिले नाही. विरोधी पार्टीतल्या एका निवृत्त खाण कामगाराला उभं केलं. खाणीत आयुष्य घालवलेला माणूस सोलर मागतोय म्हटल्यावर "खाण बंद पाडता का" हा प्रश्नच उरला नाही.

सही-शिक्क्याची नक्कल त्याच आठवड्यात घ्या. एक प्रत गटविकास अधिकाऱ्याकडे, एक खनिकर्म शाखेत, एक आमदाराकडे. प्रत्येक ठिकाणी आपल्या प्रतीवर आवक क्रमांक टाकून घ्या. "ठेवून जा, बघतो" म्हणणाऱ्या टेबलासमोर हसत उभं राहायचं, क्रमांक मिळेपर्यंत. महिनाभरात हालचाल नसेल तर भांडायला जाऊ नका, पुन्हा तो 10 रुपयांचा अर्ज टाका: आवक क्रमांक अमुकवर काय कार्यवाही झाली, फाईल कोणाकडे किती दिवस आहे.

पॅनल लागल्यावर पुसायचं काम कोणाचं, हे उद्घाटनाआधी ठरवा. आमच्याकडे कोळशाची धूळ बसते, पंधरा दिवसांत काचेवर बोटाने नाव लिहिता येतं, आणि उत्पादन पडतं. पाणी सोडणाऱ्या माणसालाच ते काम द्या आणि त्याचे पैसे वेगळे द्या. सफाई सकाळी, ऊन चढायच्या आत, मऊ फडक्याने. मे महिन्याच्या दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतलं तर ती तडकू शकते. आणि शाळेच्या स्लॅबवर वानरं येतात, त्यांच्यासाठी जाळी अंदाजपत्रकातच मागा. मागाहून कोणी देत नाही.