‘सिन्स थ्री इयर्स’मध्ये नेमकं काय चुकतं?

ऐरोली-महापेकडच्या ऑफिसांत मुलाखतीला बसलं की हमखास तोंडात येणारं वाक्य: ‘आय ॲम वर्किंग सिन्स थ्री इयर्स.’ यात चुका दोन आहेत आणि दोन्हींचं मूळ आपल्या मराठीत आहे.

पहिली ‘पासून’ची. आपण ‘सोमवारपासून’ म्हणतो, तसंच ‘तीन वर्षांपासून’ही म्हणतो. इंग्रजीत मात्र सुरुवात कधी झाली ते सांगायचं तर सिन्स, किती काळ लोटला ते सांगायचं तर फॉर. ठाण्यात रेल्वे आली १८५३ला, म्हणून ‘सिन्स १८५३’. वाशी लोकलसाठी वीस मिनिटं ताटकळलात, तर ‘फॉर ट्वेंटी मिनिट्स’. अडलात तर ‘पासून’ काढून आधी ‘गेली’ लावून बघा. ‘गेली तीन वर्षं काम करतोय’ बरोबर वाटतं, तिथे फॉर. ‘गेला सोमवार काम करतोय’ कानाला खटकतं, तिथे सिन्स.

दुसरी चूक क्रियापदाची, आणि ती जास्त चिवट. ‘करतोय’चं आपण सरळ ‘ॲम वर्किंग’ करून टाकतो. पण काम मागे सुरू होऊन अजून चालू असेल, तर ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर थ्री इयर्स’. ओळख असणे, माहीत असणे अशा अर्थाच्या ‘नो’ला मात्र आयएनजी लावत नाहीत: ‘आय हॅव नोन हिम सिन्स कॉलेज.’

आणि ती नोकरी सोडली असेल, तर साधा भूतकाळ पुरतो: ‘आय वर्क्ड देअर फॉर टू इयर्स.’