गोल्फ शिकताना या चुका टाळा: जळगावच्या उन्हातून आणि काळ्या मातीतून

भुसावळहून महाराष्ट्र एक्स्प्रेसने पुण्याला निघालो होतो. समोरच्या बाकावर अमळनेरकडचे एक आबा. माझ्या लांबोड्या पिशवीकडे बराच वेळ बघून त्यांनी विचारलंच, "भाऊ, हाई काय शे?" मी खेळ समजावून सांगितला. चेंडू जमिनीवर ठेवायचा, दांड्याने मारायचा, लांबच्या खळग्यात घालायचा. आबा थोडं थांबले आणि म्हणाले, "चेंडू तं जागावरच शे, त्याले माराले इतलं काय लागस?"

सगळी अडचण तिथेच आहे. क्रिकेटमध्ये चुकलं तर चेंडू वळला, उसळला, खेळपट्टी खराब होती असं म्हणता येतं. गोल्फचा चेंडू मुकाट पडलेला असतो, त्यामुळे दोष द्यायला कोणी उरत नाही. मग आपण दांड्याला दोष देतो आणि नवा दांडा विकत घेतो. ड्रायव्हरवर, म्हणजे सगळ्यात लांब मारायच्या दांड्यावर, पैसे घालून झाल्यावर मला कळलं, की चूक हाताच्या पकडीत होती आणि तिला एक रुपयाही लागत नव्हता. खान्देशात ज्याच्याकडे जाऊन विचारावं असा शिक्षक मला मिळाला नाही. पुणं साडेतीनशे-चारशे किलोमीटर. तेव्हा आपला रोग आपणच ओळखायचा, आणि त्यासाठी चेंडू, माती आणि दांड्याचं तोंड (चेंडूला लागणारा त्याचा सपाट भाग) या तिघांना विचारायचं.

चेंडू उजवीकडे पळतो म्हणून डावीकडे तोंड करून उभं राहणं

क्रिकेट खेळून आलेल्या जवळजवळ प्रत्येकाचा हा आजार. चेंडू बरा निघतो आणि मग केळीच्या पानासारखा वाकत उजवीकडे जातो. याला स्लाइस म्हणतात. (मी उजव्या हाताच्या खेळाडूबद्दल बोलतोय, डावखुऱ्यांनी सगळं उलटं वाचावं.) माणूस काय करतो? पुढच्या वेळी थोडा डावीकडे वळून उभा राहतो. त्यामुळे दांडा आणखी बाहेरून आत, म्हणजे चेंडूच्या पलीकडून स्वतःच्या अंगाकडे ओढला जातो, आणि स्लाइस वाढतो. मग तो आणखी डावीकडे वळतो. मी असा वळत वळत एक दिवस शेताच्या बांधाशी समांतर उभा होतो, आणि चेंडू तरीही विहिरीकडेच.

इथे एक समजूत दुरुस्त करायला हवी. दांडा ज्या दिशेने फिरतो त्या दिशेने चेंडू निघतो, असं पूर्वी शिकवत. मोजमापाची यंत्रं आल्यावर उलटं दिसलं: चेंडू कुठल्या दिशेने निघणार हे बहुतांशी आघाताच्या क्षणी दांड्याचं तोंड कुठे बघतंय यावर ठरतं. तो पुढे वाकतो ते तोंडाची दिशा आणि दांड्याची वाट यांच्यातल्या फरकामुळे. म्हणून चेंडू आधी नीट बघा. डावीकडे निघून उजवीकडे वाकला, तर वाट बाहेरून आत आहे आणि तोंड त्या वाटेच्या मानाने उघडं राहतंय. उजवीकडेच निघून सरळ गेला, तर तो स्लाइस नव्हेच. तोंड आणि वाट दोन्ही उजवीकडे आहेत. या दोन रोगांवर एकच औषध घेतलं की दुसराच रोग होतो.

औषध पकडीपासून सुरू होतं. बॅटची मूठ आपण तळहातात घट्ट धरतो. गोल्फचा दांडा डाव्या हाताच्या बोटांच्या मुळाशी तिरपा बसला पाहिजे. वरून पाहिल्यावर डाव्या हाताची दोन-अडीच पेरं दिसायला हवीत आणि दोन्ही हातांच्या अंगठा-तर्जनीमधली घडी उजव्या खांद्याच्या रोखाने जायला हवी. पहिले पंधरा दिवस हे इतकं विचित्र वाटतं की दांडा हातातून उडून जाईल असं वाटतं. उडत नाही. उलट आवळून धरला की मनगटं लाकडासारखी होतात आणि तोंड वेळेवर मिटत नाही.

मग दिशा. दुकानात यासाठी रंगीत काड्या मिळतात. आपल्याकडे तुराट्या आहेत. दोन सरळ तुराट्या निवडा. एक चेंडूच्या थोडी पलीकडे लक्ष्याच्या रेषेत, दुसरी पायांच्या बोटांशी तिला समांतर. मी ठेवून पाहिल्या तेव्हा माझे पाय लक्ष्यावर होते आणि खांदे तिसरीकडेच बघत होते.

एवढं करूनही ड्रायव्हरचा चेंडू वाकतच असेल, तर तो तोंडाच्या कुठल्या भागाला लागतोय ते तपासा. पांढऱ्या फळ्यावर लिहितात त्या मार्करने चेंडूच्या मागच्या बाजूला मोठा ठिपका काढा, तो दांड्याकडे ठेवून मारा, आणि तोंडावर उमटलेली खूण पाहा. खूण शाफ्टच्या (दांड्याच्या लांब दांडीच्या) बाजूला, म्हणजे टाचेकडे असेल, तर निव्वळ त्यानेही चेंडू उजवीकडे वाकतो. अशा वेळी पकड बदलत बसू नका, चेंडूपासून किती लांब उभे राहता ते बघा.

चेंडूला 'उचलायला' जाणं

आयर्नने, म्हणजे पातळ धातूच्या डोक्याच्या दांड्याने, मारताना नवखा माणूस चेंडूखाली दांडा घालून त्याला वर फेकू पाहतो. विटीदांडूत विटी आधी कोलून उडवायची सवय, ती हातातून जात नाही. पण सात नंबरच्या आयर्नचं तोंड तीस अंशांच्या आसपास मागे झुकलेलंच असतं. वर पाठवायचं काम तो उतार करतो. तुमचं काम आधी चेंडू आणि मग माती, या क्रमाने खाली मारायचं. उचलायला गेलं की वजन मागच्या पायावर राहतं. मग एक तर दांडा आधी जमिनीत घुसतो, किंवा वर येताना चेंडूच्या डोक्यावर बसतो आणि चेंडू सशासारखा सरपटत जातो. बघणारा मात्र हमखास सांगतो, "डोकं वर उचललंस." दर वेळी दोष डोक्याचा नसतो.

याची परीक्षा रांगोळीने करा. जमिनीवर हातभर लांब रेघ ओढा, तिच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून उभे राहा आणि चेंडू न ठेवता दांडा फिरवा. मातीवर उमटलेला ओरखडा रेघेवर किंवा रेघेच्या पुढे, लक्ष्याच्या बाजूला, सुरू व्हायला हवा. मागे सुरू झाला तर वजन डाव्या पायावर गेलेलं नाही. दहापैकी सात ओरखडे पुढे पडेपर्यंत चेंडूला हात लावू नका. मी रोज सकाळी पन्नास रेघा खराब करतो. आमच्या सौभाग्यवतींनी रांगोळीचा डबा आता कपाटात ठेवलाय.

ओरखडा मातीचा असला पाहिजे, पण कुठल्या मातीचा हे महत्त्वाचं. एप्रिल-मेमध्ये आपली काळी जमीन भेगाळून दगडासारखी होते. तिच्यावर आयर्न मारला तर दांडा उसळतो आणि झटका मनगटात, कोपरात जातो. माझं कोपर दीड महिना दुखत होतं. नांगरटीनंतरची ढेकळंही नकोत. पाण्याची पाळी दिलेल्या शेताचा वाफसा झालेला कोपरा उत्तम. नाहीतर वाळूचा पातळ थर टाकून घ्या. दारातलं काथ्याचं पायपुसणं चटई म्हणून चालतं, पण ती लबाड असते: दांडा मागे पडला तरी चटईवरून घसरून चेंडूपर्यंत पोचतो, फटका बरा लागतो, आणि चूक झाकली जाते.

ड्रायव्हरला हे लागू नाही. त्यात चेंडू टीवर, म्हणजे छोट्या खुंटीवर असतो, डाव्या टाचेच्या रेषेत ठेवायचा, आणि दांडा वर येत असताना लागला तर चांगलंच. एकाच सवयीने दोन्ही मारायला जाणं ही वेगळी चूक.

सामान घेताना आणि सांभाळताना

टीव्हीवरचे खेळाडू नऊ अंशांचा ड्रायव्हर वापरतात म्हणून तोच घेऊ नका. त्यांच्या हाताला वेग आहे. आपल्यासारख्याला साडेदहा ते बारा अंश बरे. चेंडू हवेत जास्त राहतो आणि वाकतोही कमी. ड्रायव्हरचं डोकं नियमाने 460 घन सेंटिमीटरपेक्षा मोठं असू शकत नाही, तेव्हा "सगळ्यात मोठा" म्हणून कोणी जास्त पैसे मागत असेल तर बहुतेक सगळेच तेवढे मोठे असतात हे ध्यानात ठेवा. नामांकित कंपनीचा ड्रायव्हर चौथाई किमतीत मिळतोय म्हणजे तो बनावट असण्याचीच शक्यता जास्त. पिशवीत 14 पेक्षा जास्त दांडे नेता येत नाहीत. सुरुवातीला सात पुरतात, आणि रेल्वेत चढताना सातच बरे वाटतात.

आता खास आपल्या भागातली चूक: गाडीच्या डिकीत पिशवी ठेवणं. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा 44-45 पर्यंत जातो, बंद डिकीत त्याहून कितीतरी वर. दांड्याचं डोकं शाफ्टला चिकटवलेलं असतं, ग्रिपही (मुठीवरचं आवरण) आतल्या चिकटपट्टीवर बसवलेली असते. उष्णतेने हा चिकटा मऊ पडतो. माझी एक ग्रिप हातातच गोल फिरली, आणि मी दोन आठवडे माझी पकड चुकतेय म्हणून कष्ट घेत होतो. पिशवी घरात आणा, एवढंच.

ग्रिप घामाने आणि धुळीने गुळगुळीत होते. कोमट पाणी, थोडा भांड्यांचा साबण, मऊ ब्रश, सावलीत वाळवणं. हातमोजा डाव्या हातात घालतात. चामड्याचा असेल तर घामाने भिजून वाळला की पापडासारखा कडक होतो. दोन मोजे ठेवा आणि आळीपाळीने वापरा, उन्हात टाकू नका.

चेंडूंबद्दल थोडक्यात. स्वस्त, दोन थरांचे, कडक आवरणाचे घ्या. महागडा चेंडू मऊ आवरणामुळे ग्रीनवर, म्हणजे खळग्याभोवतीच्या बारीक गवतावर, लवकर थांबतो, पण आधी ग्रीनपर्यंत पोचायला हवं.

क्रिकेटच्या जाळीत सराव

करू नका. क्रिकेटचा चेंडू 71-73 मिलिमीटर जाडीचा, गोल्फचा किमान 42.67. क्रिकेटच्या जाळीचे डोळे त्याच्यासाठी दरवाजे असतात. मी गच्चीवर जुनी जाळी बांधून तिसरा फटका मारला आणि शेजारच्या काकांची पाण्याची टाकी गळायला लागली. टाकीचे पैसे दिले, वर महिनाभर "काय रे, मॅच कधी?" ऐकून घेतलं. गोल्फसाठी बारीक डोळ्यांची जाड जाळी घ्या, किंवा भोकांचे प्लास्टिकचे चेंडू वापरा. शेतात खरा चेंडू मारायचा तर समोर माणूस, गुरं, रस्ता काहीही नसल्याची खात्री करूनच.

नियम, जे क्लबवर गेल्यावर अंगाशी येतात

चेंडूला न लागता हवेत गेलेला फटकाही मोजला जातो. मारायचा हेतू होता हे पुरे. टीवरून चेंडू चुकून घरंगळला तर मात्र मोजत नाहीत. हरवलेला चेंडू शोधायला 2019 पासून तीनच मिनिटं मिळतात, पूर्वी पाच होती. हरवेल असं वाटलं तर शोधायला जाण्याआधी "प्रोव्हिजनल (तात्पुरता चेंडू) मारतोय" असं मोठ्याने सांगून दुसरा मारून ठेवा. न सांगता मारला तर तोच खेळातला चेंडू ठरतो आणि दंड बसतो. पहिला नंतर सापडला तरी उपयोग नाही. चेंडू टाकायचा असेल तेव्हा गुडघ्याच्या उंचीवरून. बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, मारण्याआधी चेंडूच्या लगत मागे-पुढे वाळूला दांडा टेकवायचा नाही, सरावाचा झोकाही वाळूत नाही. वाळूतून काढताना चेंडूच्या मागची वाळू मारायची असते; गिरणेच्या पात्रात हे तासभर केलं की हाताला कळतं.

अंतरं बहुतेक ठिकाणी यार्डात लिहिलेली असतात. 150 यार्ड म्हणजे 137 मीटर. येरवड्याच्या मैदानावर पहिल्या दिवशी मी मीटर समजून मारत होतो आणि दर वेळी ग्रीनच्या पलीकडच्या झाडीत जात होतो.

गप्पांतल्या चुका

'गोल्फ' हे "फक्त पुरुषांसाठी, बायकांना मज्जाव" अशा इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांपासून आलं, हा निरोप दर सहा महिन्यांनी फोनवर येतो. खोटं आहे. शब्द जुना स्कॉटिश आहे. 1457 मध्ये स्कॉटलंडच्या संसदेने या खेळावर बंदी घातली ती लोक धनुर्विद्या सोडून हेच खेळत बसतात म्हणून. आणि मज्जावाचं म्हणाल तर टोकियो ऑलिंपिकच्या गोल्फमध्ये भारताची अदिती अशोक चौथी आली, पदक एका फटक्याने हुकलं. बाटलीत 18 पेग असतात म्हणून 18 होल, हेही खोटं. सेंट अँड्र्यूजला 22 होलांची फेरी होती, ती 1764 मध्ये 18 केली आणि हळूहळू जगाने तोच आकडा उचलला.

आणि नाशिकचे नातेवाईक "ये की, आमच्याकडे गोल्फ क्लब ग्राउंड आहे" म्हणाले तर पिशवी घेऊन जाऊ नका. ते हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. तिथे क्रिकेट चालतं. मी गेलो होतो.

ऊन आणि वीज

उन्हाळ्यात साडेआठनंतर खेळू नका, यावर चर्चा नको. मे-जूनच्या वळवाच्या पावसात तर ढग गडगडला की लगेच मैदान सोडा. उघडं रान, हातात धातूचा दांडा. एकट्या झाडाखाली तर मुळीच थांबू नका. 1975 मध्ये शिकागोजवळच्या स्पर्धेत ली ट्रेव्हिनोसारख्या मोठ्या खेळाडूवर वीज पडली होती. तो वाचला, पण पाठीच्या दुखण्याने पुढे त्याचा पिच्छा पुरवला.

चेंडूवर खूण न करणं

दोघांचे चेंडू सारखे असले आणि तुम्ही दुसऱ्याचा मारला, तर दोन फटक्यांचा दंड. म्हणून प्रत्येक चेंडूवर स्वतःची खूण करा. मी दोन लाल ठिपके देतो.

रंगाचंही बघा. आमच्या पडीक पट्ट्याच्या पलीकडे कापूस आहे, आणि ऑक्टोबरमध्ये फुटलेल्या बोंडांत पांढरा चेंडू शोधायला तीन मिनिटं काय, तीन दिवस पुरत नाहीत. आता मी पिवळे वापरतो. गेल्या वर्षी दिवाळीनंतर वेचणीच्या बायकांनी सापडलेले सगळे चेंडू बांधावर ओळीने मांडून ठेवले होते. सतरा निघाले. चौदांवर लाल ठिपके होते, तिघांवर हिरवे. पुतण्याला विचारलं, तर तो म्हणतो त्याला या खेळात काही रस नाही.