आघाडीपटूची कारकीर्द कशी अभ्यासावी : ऑलिव्हिये जिरूचे उदाहरण
फुटबॉलमधील आघाडीपटूची, म्हणजे गोल करण्यासाठी सर्वांत पुढे खेळणाऱ्या खेळाडूची, कारकीर्द अभ्यासताना केवळ गोलांची बेरीज करत बसू नये. फ्रान्सच्या ऑलिव्हिये जिरूचा आलेख घ्यावा आणि सुरुवात खालच्या श्रेणींतील ग्रनोबल, इस्त्र व तूर या क्लबांपासून करावी. तिथून वर आलेल्या या खेळाडूने २०११-१२ च्या हंगामात २१ गोल करून मोंपेलिए क्लबच्या पहिल्यावहिल्या फ्रेंच लीग विजेतेपदात मोठा वाटा उचलला. आर्सेनल, चेल्सी आणि मिलान या क्लबांतील पुढचे टप्पे क्रमाने पाहावेत. २०१८ च्या विश्वचषकातील सामने मात्र सावकाश, पुन्हा पुन्हा पाहावेत. तिथे त्याने एकही गोल केला नाही, तरीही बचावपटूला पाठीवर थोपवून, उंच आलेला चेंडू छातीवर घेऊन तो सहकाऱ्याकडे सोपवताना दिसतो, आणि माझ्या मते त्याची खरी थोरवी इथेच कळते. फ्रान्ससाठीच्या ५७ गोलांचा विक्रम त्यानंतर तपासावा.